पहिलं शिलाई मशीन घेताना: आधी टाका बघा, मग मशीन

नाशिकला, आमच्या सिडकोतल्या गल्लीत मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे. दारावर बोर्ड नाही, पण खिडकीतून मशीन दिसतं, म्हणून वर्षाकाठी चार-पाच जणी तरी तोच प्रश्न घेऊन येतात. परवा पलीकडच्या बिल्डिंगमधली प्राजक्ता आली, हातात मोबाइल.

“काकू, हे बघा ना. एकवीस टाके आहेत यात. मागवून टाकू?”

“शिवायचं काय आहे तुला?”

“ते बघू हो. आधी मशीन तर येऊ दे घरात.”

एकवीस टाके! मी इतक्या वर्षांत जे काही शिवलं, ते जवळजवळ सगळं एका सरळ टाक्यावर शिवलं. वर थोडा पिको आणि थोडे काज, एवढंच. म्हणून तिला मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि माझ्या मशीनसमोर बसवलं. कुठलं मशीन घ्यावं हे कळायला टाका कसा पडतो ते एकदा डोळ्यांनी बघावं लागतं. ते बघितलं की दुकानातल्या निम्म्या गप्पा कानाबाहेर राहतात.

हाताने शिवताना सुई अख्खी कापडातून आरपार जाते आणि दोरा मागे ओढून नेते. मशीनची सुई कधीच आरपार जात नाही. तिचं वरचं टोक स्क्रूने घट्ट धरलेलं, ती नुसती खाली टोचते आणि वर येते. म्हणून हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं आणि मशीनच्या सुईचं अगदी अणीपाशी. एवढीशी अदलाबदल, पण सगळं मशीन तिच्यावर उभं आहे. अमेरिकेत एलियास हाव याने अणीजवळ नेढं असलेली सुई आणि दोन दोरे वापरून शिवणाऱ्या मशीनचं पेटंट १८४६ मध्ये घेतलं, आयझॅक सिंगरने आपल्या मशीनचं १८५१ मध्ये. सिंगरने पुढे मशीन हप्त्यांवर विकायला काढलं आणि ते घराघरांत शिरलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून सूट दिली होती.

आता चाक हाताने, अगदी सावकाश, आपल्या बाजूला फिरवा. सुई दोरा घेऊन तळाला जाते. तिथून ती जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर येते, तेव्हा दोरा कापडात अडकून मागे राहतो आणि सुईच्या पाठीला त्याचा छोटासा फुगा येतो. नेमक्या त्याच क्षणी खालच्या शटलची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, चोच त्या फुग्यात शिरते, त्याचा मोठा फास करते आणि तो फास अख्ख्या बॉबिनवरून, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या चिमुकल्या रिळावरून, फिरवून सोडून देते. वर नाचणारी दांडी उरलेला दोरा खेचून घेते. वरच्या फासात खालचा दोरा अडकला, टाका पडला.

दोरीवरच्या उड्या आठवा. दोरी मुलीच्या डोक्यावरून येते आणि पायाखालून जाते. मुलगी म्हणजे बॉबिन आणि दोरी म्हणजे वरचा दोरा. बॉबिन एवढीशी का असते आणि ऐन गळ्याची पट्टी लावताना का संपते, त्याचं उत्तर यातच आहे. मुलगी फार जाड झाली तर दोरी तिच्याभोवती फिरणार कशी?

प्राजक्ताने तीनदा चाक फिरवलं. तिसऱ्यांदा तिला चोच दिसली. “अय्या, पकडला दोरा!” तिथून पुढे तिच्याशी बोलणं सोपं झालं.

कारण शिवणातले बरेचसे रोग या फुग्यापाशी सुरू होतात. सुई किंचित वाकली किंवा उलटी बसवली की फुगा भलतीकडे येतो, चोच मोकळीच फिरते आणि टाका सुटतो. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, सुईला चिकटून तिच्याबरोबर वर येतं, फुगा होतच नाही, पुन्हा टाका सुटतो. त्यासाठी गोल अणीची, बॉलपॉइंट सुई मिळते, ती धागा न टोचता बाजूला सारून आत जाते. सुई दोन पैशांची गोष्ट, पण नव्या बायका मशीनला नावं ठेवत बसतात.

कापड पुढे सरकवतात ते खालचे दाते. वर येतात, कापड धरून मागे नेतात, खाली बुडतात, परत पुढे. टाका लांब की बारीक हे दाते किती सरकतात त्यावर ठरतं. आपण हाताने कापड फक्त वळवायचं. ओढलं की सुई वाकते, आणि सुई वाकली की वरचं सगळं रामायण.

आता माझी फजिती. २०२० मध्ये मास्क शिवायचे म्हणून मी तळहाताएवढं, सेलवर चालणारं एक मशीन ऑनलाइन मागवलं. घरात चांगलं मशीन असताना! बसल्या जागी, टीव्हीपुढे शिवू असं वाटलं होतं. त्याला बॉबिनच नव्हती, एकाच दोऱ्याची साखळी. तांदळाच्या कट्ट्याचं तोंड शिवलेलं असतं ना, बरोबर टोक धरून ओढलं की सर्रकन उसवतं, तीच ही शिवण. कट्ट्याला ती हवीच असते, पण मास्कला? यजमानांनी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी घेताना नाकावरचा मास्क सारखा केला, एक टोक बोटात आलं आणि कानाजवळची पट्टी सुटून लोंबायला लागली. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: मशीनला खाली बॉबिन आहे का? नसेल तर ते खेळणं आहे. बॉबिन असलेली टेबलावरची चिमुकली मशीनंही मिळतात, ती दोन दोऱ्यांनी शिवतात खरी, पण चार पदर आले की घुं करून थांबतात.

दुकानात जाताना पिशवीत तीन तुकडे टाका: ब्लाऊजच्या रुबियाचा, जुन्या जीन्सचा जोड असलेला आणि एखाद्या टी-शर्टचा. शिवाय लाल आणि पांढरा असे दोन रंगांचे, पण एकाच जाडीचे दोरे. दुकानदार डेमोला नेहमी खळ असलेलं कडक कापड घेतो. त्यावर कुठलंही मशीन सुरेख टाका घालतं. आपण आपलं कापड पुढे करायचं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, आणि जो म्हणेल त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

लाल दोरा वर ओवा, पांढरा बॉबिनमध्ये भरा आणि रुबियाच्या दोन पदरांवर वीतभर शिवा. दोन्ही दोऱ्यांची गाठ पदरांच्या मधे लपली पाहिजे. वरून नुसता लाल, खालून नुसता पांढरा. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त. खाली लाल वेटोळी दिसली तर वरचा ताण कमी. इथे नव्या बायका हमखास चुकतात. खाली जाळं झालं की दोष बॉबिनचा वाटतो, पण बहुतेक वेळा तो वरच्या दोऱ्याचा असतो. ताण देणाऱ्या चकत्या प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना मिटलेल्या असतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मधे जातच नाही, नुसता वरून लोंबतो. म्हणून ओवताना फूट वर, शिवताना खाली. एवढं पाठ केलं तर कारागिराच्या दोन फेऱ्या वाचतात.

मग जीन्स. जोडाच्या जागी घडी घालून चार पदर करा आणि सावकाश चालवा. सावकाश यासाठी, की जोरात तर सगळीच मशीनं टोचतात. नवशिक्याला गाडीसारखं पहिल्या गिअरमध्ये चालणारं मशीन लागतं. पेडलवर पाय हलका ठेवला की एक टाका, थांबा, पुढचा टाका, असं चालतंय का ते बघा. काही पेडल आधी काहीच करत नाहीत आणि मग एकदम सुसाट सुटतात. गळ्याच्या गोलाईवर अशा मशीनने मला बोटात सुई घालून घेतलेली मुलगी दाखवली आहे, नख फोडून आरपार. घरगुती मशीन मिनिटाला सहाशे ते आठशे टाके मारतं. कारखान्यातलं चार-पाच हजार. वेग नवशिकीच्या कामाचा नसतो, वेगावरचा ताबा असतो.

टी-शर्टचा तुकडा झिगझॅगसाठी. सरळ टाका ताणाच्या कापडावर घातला आणि कापड ओढलं की दोरा तटकन तुटतो, कारण त्याच्यापाशी जास्तीची लांबी नसते. झिगझॅगमध्ये सुई डावी-उजवीकडे झुलत जाते, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढणाऱ्या रस्त्यासारखी वळणं घेत. कापड ताणलं की ती वळणं उघडतात, दोरा तसाच राहतो. कापडाच्या कडा बांधायला, काज करायला आणि पिकोसाठी हीच झुलणारी सुई लागते. एकवीस टाक्यांची गोम इथे आहे: त्यातले बरेचसे याच झुलण्याचे लांब-आखूड प्रकार असतात, काजाचे टप्पेही कधीकधी वेगवेगळे मोजलेले असतात. पानं-फुलं नि बदकांची रांग पहिल्या आठवड्यात मुलांना दाखवायला बरी, पुढे ते बटण तिकडे फिरत नाही. सरळ, झिगझॅग आणि काज, एवढं नीट येत असेल तर पहिल्या मशीनकडून मी आणखी काही मागणार नाही.

बाजारात गेलात, म्हणजे मेन रोड-रविवार कारंजाकडे, तर तुमच्यापुढे साधारण तीन जाती येतील. पहिलं आपलं काळं मशीन, लोखंडी. आईच्या घरी होतं तेच. फक्त सरळ टाका, पायाने चालतं, हवी तर बाजूला मोटार बसवता येते. पिशव्या, उशांचे अभ्रे, परकर, ब्लाऊज, झबली, सगळं होतं. वीज गेली तरी काम थांबत नाही. याचा आणखी एक गुण म्हणजे सुटे भाग. लुधियानात या धाटणीची मशीनं आणि भाग इतक्या वर्षांपासून बनतात की बॉबिन केस, दाते, चाकाची वादी कुठेही मिळते आणि बहुतेकदा एका कंपनीचं दुसऱ्याला बसतं. याचंच वजनदार भावंड म्हणजे अंब्रेला मशीन, ते टेलरचं. शिकणारीला गरज नाही.

दुसरं पांढरं पोर्टेबल झिगझॅग. उषा-जानोमे, सिंगर, ब्रदर वगैरे. बाहेरून प्लॅस्टिक असलं तरी आतला सांगाडा धातूचा असायला हवा, तेवढं विचारून घ्या आणि उचलूनही बघा. फार हलकं असेल तर जाड कापडावर टेबलभर नाचेल. साधं झिगझॅग दहा-बारा हजारांच्या मागेपुढे येतं. विजेची काळजी करू नका. मोटार आणि दिवा मिळून शंभर वॉट धरले तरी दहा तास सलग चालवल्यावर एक युनिट होतं, आणि सलग कोण चालवतं? कापणं, जुळवणं, उसवणं यातच निम्मा वेळ जातो.

तिसरी जुकी. खरं तर हे एका जपानी कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कारखान्यातल्या कुठल्याही एकसुई मशीनला जुकीच म्हणतात, जसं कुठल्याही वॉशिंग पावडरला एकच नाव चिकटतं. भराभर, सुंदर टाका, पण फक्त सरळ, आणि टेबलासकट खोलीचा कोपरा अडवते. बुटीक टाकायचं असेल तेव्हा बघा. घ्यायची झालीच तर सर्व्हो मोटारची घ्या, तिचा वेग बांधून ठेवता येतो आणि ती रिकामी असताना घूंघूं करत नाही. कॉम्प्युटराइज्ड मशीनबद्दल मला फार प्रेम नाही. छान चालतात, पण आतला बोर्ड गेला की गल्लीतला कारागीर हात टेकतो.

आणि कारागीर हा मुद्दा मी किमतीच्याही वर ठेवते. दुकानात विचारा: दुरुस्तीला माणूस घरी येतो का, की मशीन रिक्षात घालून आणायचं? वॉरंटी कशावर आहे, मोटारवर की सगळ्यावर? नाशिक रोडला राहणाऱ्या बाईने पंचवटीतल्या दुकानातून मशीन घेतलं आणि टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, हललं, तर तिचा अख्खा दिवस गेला. ऑनलाइन दीड हजार वाचतात ते असे जातात.

प्राजक्ताला मी विचारलं, “सासूबाईंचं मशीन नव्हतं का गं?” तर निघालं. पोटमाळ्यावर, गोधड्यांखाली, रुखवतात आलेलं. नव्यावर पैसे घालण्याआधी असं जुनं मशीन एकदा खाली उतरवून बघाच. चाक हाताने फिरवा. जड लागलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं. खोबरेल किंवा घरातलं गोडंतेल घातलेलं असेल तर हमखास. मशीनला मशीनचंच पातळ, पाण्यासारखं तेल लागतं. सुईची दांडी दोन बोटांत धरून हलवा, डावी-उजवीकडे खुळखुळली तर झीज झाली आहे. सुईखालची पट्टी उघडून दात्यांवर गंज आहे का बघा. आमच्याकडे दसऱ्याला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं आणि त्याच दिवशी मशीन उघडून साफ करायचं अशी पद्धत आहे. त्यामुळे माझ्या आईचं मशीन अजून पाण्यासारखं फिरतं. प्राजक्ताच्या सासूबाईंचं मात्र सतरा दसरे हुकलेलं होतं. वादी, बॉबिन केस आणि सर्व्हिसिंग करून ते चालू झालं.

पायमशीन असेल तर एक सवय आधी लावून घ्या. पहिल्या दिवशी चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो आणि आपण रडकुंडीला येतो. दोरा काढा, मुलांच्या वहीचा रेघी कागद फुटाखाली ठेवा आणि रेघेवरून नुसती भोकं पाडत जा. शिवणक्लासात हेच करून घेतात. सरळ रेघा जमल्या की गोल, मग चौकोनाचे कोपरे. कागदाने सुईची धार जाते, त्यामुळे जुनी सुई वापरा. चार दिवसांत पाय आणि चाक एकमेकांना ओळखायला लागतात.

सुईचे आकडे एकदा समजून घेतले की आयुष्यभर पुरतात. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं. ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी, १४ हा त्याच जाडीचा जुना नंबर. रुबिया, मलमल यांना ११, रोजच्या सुती कापडाला १४, जीन्सला १६ किंवा १८. दुसरं म्हणजे घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो आणि जुकीच्या सुईचा पूर्ण गोल. दुकानदाराला नुसतं “सोळा नंबर द्या” म्हणालात तर भलतीच येते. मशीनचं नाव सांगा किंवा जुनी सुई घेऊन जा.

सरकारी योजनांचं विचारतात म्हणून सांगते. व्हॉट्सॲपवर ‘सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन’ म्हणून लिंक फिरते, तिच्यात आधार नंबर भरू नका, ती खोटी आहे. पीएम विश्वकर्मा ही खरी योजना आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. पण ती आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. पहिलं मशीन आपलं आपल्यालाच घ्यावं लागतं.

प्राजक्ताने शेवटी काय केलं म्हणाल तर दोन्ही. जुन्या काळ्या मशीनवर महिनाभर पिशव्या नि अभ्रे शिवले, मग लेकीच्या फ्रॉकसाठी झिगझॅग लागेल हे तिचं तिलाच कळलं. दुकानात मी बरोबर गेले होते, पण तोंड उघडलं नाही. तिने पिशवीतून जीन्सचा पाय काढला, घडी घातली, लाल दोरा वर ओवताना फूट वर आहे ना ते बघितलं. दुकानदाराने बदकांचा टाका दाखवायला बटण फिरवलं तर म्हणाली, “ते राहू द्या दादा, काज करून दाखवा.” काज तीन वेळा करवून घेतला. बिलावर मशीनचा नंबर लिहायला लावला, जास्तीच्या पाच बॉबिन फुकट मागितल्या, दोन मिळाल्या. येताना रिक्षात मशीन तिने मांडीवर घेतलं होतं.

फक्त एक गोष्ट ऐकली नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या येवल्याच्या पैठणीला पिको करायला घेतलं. मी वेळेवर पोचले म्हणून बरं, जेमतेम दोन इंच झाला होता. उसवायला मला संध्याकाळ लागली.